पिंजरकर वकील आणि नाल्यातला कापूस

अकोल्याच्या कोर्टात पिंजरकर आडनावाचे वकील दोन होते. एक फौजदारी चालवत, त्यांना लोक नुसते पिंजरकर म्हणत. दुसरे गोपाळकृष्ण पिंजरकर दिवाणीचे. त्यांना सगळा गाव 'पेनल्टीवाले पिंजरकर' म्हणून ओळखत असे, आणि हे नाव त्यांना कोर्टाने नव्हे, गोल्फने दिलं होतं.

गोल्फ म्हणजे काय हे त्या काळी अकोल्यात फारसं कोणाला ठाऊक नव्हतं, आणि ज्यांना ठाऊक होतं त्यांना ते पटलेलं नव्हतं. भल्या पहाटे उठायचं, एक चेंडू मारून लांब घालवायचा आणि मग तोच शोधत फिरायचं, यात शहाणपण कुठे आहे, असं वकिलांच्या पत्नी अनसूयाबाईंनी पहिल्याच दिवशी विचारलं होतं. वकिलांनी त्यावर उत्तर न देता नियमांचं पुस्तक उघडून दाखवलं. पुस्तकात उत्तर नव्हतंच. पण नियम मात्र भरपूर होते, आणि ते पाहून वकिलांचा चेहरा असा फुलला होता की बाईंनी पुढे विचारायचं सोडून दिलं.

ते पुस्तक त्यांना लिलावात मिळालं होतं. इंग्रज गेले तशी गावातल्या साहेबी क्लबातली माणसंही गेली. खुर्च्या रिकाम्या पडल्या, तेव्हा कमिटीने नाइलाजाने वकील, डॉक्टर, कापसातून सरकी काढायचे कारखाने चालवणारे जिनवाले अशांना दारं उघडली. एका कापूस कंपनीचा साहेब विलायतेला परतताना त्याचं सामान विकायला निघालं. त्यात पाच काठ्यांची एक पिशवी होती आणि पिशवीच्या खिशात हे पुस्तक. दुसऱ्या कोणी आधी काठी हातात घेतली असती. पिंजरकरांनी आधी पुस्तक पाठ केलं आणि मगच मैदानावर पाऊल ठेवलं. कायदा माहीत नसताना गुन्हा करायचा नाही, ही त्यांची रीत.

खेळ मात्र त्यांना येत नव्हता. धोतरावर कोट आणि पायात कॅनव्हासचे बूट अशा थाटात ते उभे राहत, काठी उगारत, आणि चेंडू सोडून बाकी बराच मुरूम उडवत. पण मैदानावर कुठे वाद झाला की खेळाडू त्यांनाच हाका मारत. अमक्याचा चेंडू कावळ्याने उचलून नेला, तमक्याच्या काठीने झुडूप हललं, फलाण्याने चेंडूला चुकून पाय लावला. पिंजरकर शांतपणे यायचे, कलम सांगायचे, दंड लावायचे आणि परत आपला मुरूम उडवायला जायचे. दंड लावताना त्यांनी कधी कलेक्टर पाहिला नाही की सिव्हिल सर्जन पाहिला नाही. एकदा तर खुद्द क्लबचे अध्यक्ष खुशालराव गावंडे, म्हणजे दोन जिनांचे मालक, यांना त्यांनी तीन लागोपाठ दंड लावले. खुशालरावांनी तेव्हापासून पिंजरकर जवळपास असताना खेळायचंच बंद केलं.

ही न्यायबुद्धी घरीही येत असे. अनसूयाबाईंनी झाडता झाडता त्यांचा चष्मा टेबलावरून कोनाड्यात ठेवला, की चौकशी सुरू.

"चष्मा कोणी हलवला?"

"मी. खाली केर होता."

"मुद्दाम की चुकून?"

"झाडताना."

"मग दंड नाही. पण वस्तू पूर्वी होती त्याच जागी ठेवावी लागते."

"त्या जागी आता पोळपाट आहे," बाई म्हणायच्या आणि लाटायला घ्यायच्या.

सगळं असं हसण्यावारी जात होतं. पण पिंजरकरांच्या मनात एक गोष्ट होती आणि तिच्याबद्दल ते मुळीच हसत नसत. क्लबच्या हॉलमध्ये सागवानाचा एक मोठा फलक होता. दर वर्षी संक्रांतीनंतर अकोला आणि अमरावती या दोन्ही क्लबांचा मिळून कप व्हायचा आणि जिंकणाऱ्याचं नाव त्या फलकावर सोनेरी अक्षरांत लिहिलं जायचं. वरून खाली सगळी इंग्रजी नावं. मग दोन-तीन कर्नल, एक पंजाबी कमिशनर, एक मद्रासी डॉक्टर. वऱ्हाडातलं नाव एकही नव्हतं. पिंजरकरांचे वडील एका बॅरिस्टरचे कारकून होते. साहेबांच्या सहीसाठी ते या क्लबच्या बाहेर ताटकळत उभे राहायचे, आणि खिडकीतून दिसणारी ती सोनेरी नावं वाचत वेळ काढायचे. घरी येऊन ती मुलाला म्हणून दाखवायचे. त्या फलकावर पिंजरकर हे नाव लागावं, एवढीच एक हौस वकिलांना होती. बाकी कशाची त्यांनी हौस केली नाही.

आता मैदानाबद्दल सांगायला हवं, कारण सगळं रामायण तिथलंच आहे. क्लबच्या मागचं ते मैदान पावसाळ्यात हिरवं दिसे, दिवाळी झाली की उघडा मुरूम. विलायतेत चेंडू खड्ड्यात घालायच्या जागी मखमलीसारखी हिरवळ असते म्हणतात. इथे वाळूत जिनाच्या इंजिनातलं जळकं तेल मिसळून दाबून बसवलेले काळपट गोल होते. त्यांवरून चालणाऱ्याच्या बुटांना जो वास लागे, तो अनसूयाबाई बूट ओट्यावरच ठेवायला लावून घराबाहेर थांबवत. शेवटच्या गोलाच्या अलीकडे एक नाला होता. चार पावसाचे दिवस सोडले तर कोरडा. आणि त्याच नाल्यातून बंड्यांची, म्हणजे बैलगाड्यांची, वाट होती.

हंगामात पातूरकडून कापसाच्या बंड्या जिनांकडे जायला लागल्या की त्या नाल्याचं रूप पालटत असे. बंड्या अशा भरलेल्या, की दोन्ही काठांच्या बाभळी त्यांना जकात घेतल्याशिवाय सोडत नसत. काट्यांवर कापूस, वाळूत कापूस, दगडांच्या सांदीत कापूस. आसपासच्या बाया टोपली घेऊन तो वेचायला येत. त्यांत सुंदराबाई नावाची एक ठसठशीत बाई होती, ती नाला आपल्याच नावावर असल्यासारखी वागे. आता अशा नाल्यात पांढरा चेंडू जाऊन पडला, तर तो शोधायचा कसा?

हा प्रश्न पहिल्यांदा चोपन्न साली आला.

त्या वर्षी कपाच्या शेवटच्या फेरीत अमरावतीचे देवमन वानखडे होते. बांधकाम खात्यात नवे लागलेले इंजिनिअर, मूळचे हिवरखेडचे, उंच, सडपातळ आणि बोलायला रोखठोक. ज्या समाजाच्या माणसाला त्या क्लबात आजवर झाडायलासुद्धा आत घेतलं नव्हतं, त्या समाजातले ते. अमरावतीच्या क्लबाचे सभासद म्हणून ते अकोल्याच्या पायऱ्या चढले आणि सरळ सगळ्यांना हरवत शेवटपर्यंत आले. शेवटच्या खेळीत त्यांचा चेंडू नाल्यात गेला. त्यांनी कापूस बाजूला सारला, तसा आतला चेंडू वीतभर घरंगळला. त्यांनी तो उचलून होता तिथे ठेवला आणि काठी सरसावली. समोरचा खेळाडू म्हणाला, दंड. वानखडे म्हणाले, दंड नाही. पिंजरकरांना हाक गेली.

नियम असा होता. नाल्यासारख्या अडचणीच्या जागी स्वतःचा चेंडू चुकून हलवला तर एक फटका दंड. पण चेंडू वाळूखाली किंवा गळलेल्या पानांखाली किंवा तत्सम कशाखाली झाकला गेला असेल, आणि ते बाजूला करताना हलला, तर दंड नाही. चेंडू परत जागेवर ठेवायचा आणि खेळायचं.

"तत्सम म्हनजे हे," वानखडे नाल्याकडे बोट दाखवून म्हणाले. "पाला काय अन् कापूस काय, झाकलं ते झाकलं."

पिंजरकर कधी नव्हे ते ताडकन बोलले, "वऱ्हाडात उभं राहून कापसाला पाला म्हणता? वानखडेसाहेब, माझ्या निम्म्या दाव्यांत कापूस आहे. कापूस हा माल आहे. पाला म्हणजे कचरा. माल कचऱ्यात धरता येणार नाही. एक फटका दंड."

काठावर उभे असलेले जिनवाले खूश झाले. खुशालराव तर टाळ्याच वाजवायला लागले. वानखड्यांनी एकदा पिंजरकरांकडे पाहिलं, मान हलवली आणि खेळले. तो एक फटका त्यांना नडला आणि कप गेला.

दुसऱ्या दिवशी बाररूममध्ये चहा पिताना एक ज्येष्ठ वकील पिंजरकरांच्या पाठीवर थाप मारून म्हणाले, "छान केलंत. जागा दाखवून दिलीत त्याला."

पिंजरकरांनी चहा अर्धाच ठेवला आणि ते उठले. 'मी कापसाची जागा दाखवली, माणसाची नाही,' हे उत्तर त्यांना घरी पोचल्यावर सुचलं, आणि अनसूयाबाईंखेरीज ते ऐकायला कोणी नव्हतं. बाई म्हणाल्या, "तुम्हाला ठाऊक आहे ना तसं? मग झालं." पण झालं नव्हतं. ज्या निकालाचा त्यांना अभिमान होता, त्या निकालाची अशी शाबासकी मिळावी, हे त्यांना फार लागलं. त्यानंतर तो ज्येष्ठ वकील समोरून आला की पिंजरकर वाट बदलत.

वर्षं गेली. वानखडे अमरावतीहून दर वर्षी येत राहिले. मधल्या काळात त्यांच्या घरच्यांनी धम्मदीक्षा घेतली, ते खात्यात वर चढले, कानशिलं पिकायला लागली. पिंजरकरांना भेटले की नमस्कार व्हायचा, हवापाण्याच्या गोष्टी व्हायच्या. कापसाचा विषय कोणी काढत नसे. इकडे पिंजरकरांचा खेळही सुधारला. म्हणजे मुरूम कमी उडू लागला. जोरात मारायचं त्यांनी सोडूनच दिलं होतं. दिवाणी दाव्यासारखं हळूहळू, तारखा घेत घेत ते चेंडू पुढे नेत. शिवाय कच्च्या खेळाडूला नियमाप्रमाणे थोड्या फटक्यांची सूट मिळते. ती वजा जाता एकसष्ट साली असा चमत्कार झाला, की कपाच्या शेवटच्या जोडीत एका बाजूला देवमन वानखडे आणि दुसऱ्या बाजूला पेनल्टीवाले पिंजरकर!

सकाळी निघताना अनसूयाबाईंनी त्यांच्या हातावर दही ठेवलं. "चाटा. पोरं परीक्षेला जाताना चाटतात, तुम्ही काय मोठे लागून गेलात." त्यांनी जेवणाला चिरोट्यांचा बेत ठरवला होता, पण ते त्या बोलल्या नाहीत.

शेवटच्या खेळीला आले तेव्हा दोघांची बरोबरी होती. फलकाच्या तळाशी एका नावापुरती जागा रंगाऱ्याने आदल्याच आठवड्यात घासून तयार ठेवली होती, ती पिंजरकर येता-जाता पाहून आले होते. खुशालराव त्या दिवशीचे पंच. अकोल्याचा माणूस जिंकणार म्हणून ते आधीच मिशीत हसत होते.

वानखड्यांचा चेंडू नाल्यापलीकडे सुरेख जाऊन पडला. पिंजरकरांनी मारला तो टप्पे खात गेला, काठावर क्षणभर थांबला आणि नाल्यात उतरला. आणि पहाटेच नाल्यातून पंधरा-वीस बंड्या गेलेल्या होत्या.

नाला पांढरा झाला होता. बाया वेचत होत्या. पिंजरकर धोतर सावरत खाली उतरले आणि दोन्ही हात वर करून म्हणाले, "बायांनो, जरा थांबा. इथे माझा चेंडू आहे."

"कुठं हाय?" सुंदराबाईने विचारलं.

"तेच शोधायचंय. तुम्ही कोणी हात लावू नका."

"आमी हात लावला तं काय होते?"

पिंजरकरांना कलम विचारलं की राहवत नसे. "तुम्ही हलवलात तर मला दंड नाही. मी हलवला तर दंड."

"मंग मीच हलवतो नं!" सुंदराबाई कमरेला पदर खोचत म्हणाली. "तुमी उगी उभे राहा. काहून जिवाले तरास करून घेता?"

सगळ्या बाया हसल्या. काठावरचे लोकही हसले. पिंजरकर हसले नाहीत. "माझ्या सांगण्यावरून हलवलात तर तो मीच हलवल्यासारखा आहे," ते म्हणाले आणि ओणवे झाले.

एक पुंजका त्यांनी हलक्या हाताने उचलला. खाली दगड. दुसरा उचलला, खाली सरकी. तिसरा पुंजका जाडजूड होता. त्यांनी तो फुलासारखा दोन बोटांनी धरला, अगदी सावकाश वर घेतला, आणि त्याच्या तंतूंत अडकलेला चेंडू सुटून वीतभर घरंगळला.

पिंजरकर ओणवेच राहिले. सात वर्षांपूर्वी वानखड्यांचा चेंडू जिथे होता, त्यापासून ही जागा हातभरसुद्धा लांब नव्हती.

काठावरून वानखड्यांचा आवाज आला. "ठेवा जाग्यावर अन् खेळा, वकीलसाहेब. दंड नाई."

पिंजरकर सरळ झाले. "दंड आहे."

"नाई म्हनतो ना मी! पाल्याखाली होता."

"कापसाखाली होता."

"तेच ते!"

"तेच ते नाही, हे चोपन्न साली ठरलंय."

वानखडे तरातरा नाल्यात उतरले. "ठरवलं तुमी होतं. मी तवाबी म्हनत होतो की चूक हाय अन् आताबी म्हनून राहिलो. खुशालराव, तुमी पंच आहात. सांगा, नाल्यातला कापूस हा पाला होय का नाई?"

खुशालराव मोठ्याच पेचात सापडले. पाला म्हणावं तर अकोल्याला कप. पण काठावर चार जिनवाले उभे होते, दोन अडते उभे होते, आणि दोन जिनांचा मालक भर हंगामात कापसाला पाला म्हणाला ही गोष्ट संध्याकाळच्या आत बाजारात पसरली असती. "आता कसं आहे," ते म्हणाले, "कापूस तो कापूसच... पन नाल्यातला म्हटला म्हनजे... तसा मालच, पन..." आणि त्यांनी घाम पुसला.

"सात वर्षं," वानखडे आता खरोखर चिडले होते, "सात वर्षं मी मनातल्या मनात तुमच्याशी भांडून राहिलो, वकीलसाहेब. कप गेला त्याचं काई नाई. पन माहा मुद्दा बरोबर होता. आज तुमी दंड न घेता खेळले अन् जिंकले, तं निदान माहा मुद्दा तरी बरोबर ठरते. अन् तुमी मले कप देऊन राहिले! मले कप नाई पायजे, मले निकाल पायजे!"

असा तंटा अकोल्याच्या कोर्टात कधी झाला नव्हता. दोन्ही पक्ष हरण्यासाठी भांडत होते आणि न्यायाधीश घाम पुसत होता. सुंदराबाई टोपली खाली ठेवून निवांत बसली होती.

पिंजरकरांनी वानखड्यांचा हात धरला आणि त्यांना चार पावलं बाजूला नेलं. आवाज खाली आणून ते म्हणाले, "वानखडेसाहेब, तुमचा मुद्दा बरोबर होता. मला दुसऱ्या दिवशीच कळलं होतं. कापसाच्या अभिमानात मी बोलून गेलो आणि मग निकाल फिरवायला मन होईना. पण आज मी पाला म्हणू शकत नाही. तुमच्या वेळी कापूस आणि माझ्या वेळी पाला, असं झालं तर लोक म्हणतील की तेव्हा मी कापूस पाहिलाच नव्हता. माणूस पाहिला होता."

वानखड्यांचा राग एकदम उतरला.

"मले तसं कधी वाटलं नाई," ते म्हणाले. मग काठीने वाळू सारत म्हणाले, "वाटलं होतं. एक-दोनदा वाटलं होतं."

"वाटणारच," पिंजरकर म्हणाले. "म्हणून तर."

ते चेंडूकडे परतले, तो उचलून होता त्या जागी ठेवला आणि वर बघून खणखणीत आवाजात म्हणाले, "खुशालराव, मला एक फटका दंड मांडा."

मग त्यांनी नाल्यातून जो फटका मारला, तसा आयुष्यात मारला नव्हता. चेंडू बाभळीवरून गेला आणि काळपट गोलाच्या कडेला जाऊन पडला. बायांनी 'अगं बाई' केलं. पण वानखडेही कच्च्या गुरूचे चेले नव्हते. शेवटी पिंजरकर एका फटक्याने हरले. त्याच एका.

घरी आल्यावर त्यांनी बूट ओट्यावर ठेवले आणि तिथेच बसले. अनसूयाबाई बाहेर आल्या. चेहरा पाहून त्यांना काय ते समजलं, तरी विचारलं, "काय झालं?"

"चेंडू हलला."

"कोणी हलवला?"

"मीच."

"मुद्दाम की चुकून?"

पिंजरकरांनी वर पाहिलं. डोळे भरून आले होते, पण हसूही आलं. त्यांनी सगळं सांगितलं. बाईंनी ऐकून घेतलं, आत गेल्या आणि चिरोट्यांचं ताट घेऊन आल्या. "हे जिंकण्यासाठी केले होते," त्या म्हणाल्या. "पण हरल्यावर खाऊ नयेत असं काही तुमच्या पुस्तकात नसेल." वकिलांनी दोन खाल्ले. तिसरा खाववेना. फलकावरची ती घासून ठेवलेली जागा त्यांच्या डोळ्यांसमोरून हलत नव्हती.

त्या जागेवर पुढच्या आठवड्यात सोनेरी अक्षरांत नाव चढलं, देवमन वानखडे. वऱ्हाडातलं पहिलं. पिंजरकर तिथे बराच वेळ उभे राहिले. वाईट वाटलं, आणि चांगलंही वाटलं. वडिलांनी खिडकीतून हे नाव वाचलं असतं तर घरी येऊन ते कसं म्हणून दाखवलं असतं, असंही त्यांच्या मनात आलं.

त्याच महिन्यात त्यांनी क्लबच्या सभेपुढे ठराव मांडला, की नाल्यातल्या कापसाला यापुढे पाल्याचा नियम लावावा आणि तशी पाटी नाल्याकाठी लावावी. जिनवाले सभासद खवळले. कापसाला कचरा म्हणणारी पाटी क्लबच्या मैदानावर लागली तर आम्ही राजीनामे देऊ, इथपर्यंत मजल गेली. अनुमोदन द्यायला वानखडे खास अमरावतीहून आले होते. चहाच्या तीन फेऱ्या झाल्या. शेवटी पिंजरकरांनी असा मसुदा काढला की दोन्ही पक्ष गार पडले: 'नाल्यातील कापूस हा कापूसच होय. तथापि चेंडू शोधताना तो पाल्याप्रमाणे बाजूला करता येईल. त्यात चेंडू चुकून हलल्यास दंड नाही, तो होता त्या जागी ठेवावा.'

"आता कसं बोलले!" खुशालराव म्हणाले आणि जिनवाल्यांनी हात वर केले.

पाटी बनवून घ्यायचं काम वानखड्यांनी अंगावर घेतलं. बांधकाम खात्याचा माणूस, त्यांनी मैलाच्या दगडाला शोभेल अशी पत्र्याची भक्कम पाटी करवली आणि नाल्याच्या काठावर सिमेंटात रोवली. ठरावाचं वाक्य झाल्यावर खाली त्यांनी रंगाऱ्याकडून दोन शब्द जास्तीचे लिहवून घेतले होते, ते सभेत कोणाला विचारले नव्हते: 'पिंजरकर निवाडा'.

पुढच्या हंगामात बंड्या सुरू झाल्या. त्यांची धूळ पाटीवर बसायची. वकील सकाळी खेळायला आले की आधी नाल्याकडे वळायचे. असंच एकदा त्यांनी बाभळीवरचा कापसाचा एक पुंजका ओढून घेतला आणि पाटी पुसायला लागले.

खालून सुंदराबाईने विचारलं, "काय लिवलं हाय वो त्याच्यावर?"

वकिलांनी वाचून दाखवलं. चुकून हलल्यास दंड नाही, होता त्या जागी ठेवावा, इथपर्यंत.

"अन् ते खाली?"

"ते माझं नाव."

"म्हंजे तिकडं बंगल्यात नाई लागलं," सुंदराबाई म्हणाली, "आमच्या नाल्यात लागलं!"

"हो ना," वकील म्हणाले. त्यांना हसू आवरेना, आणि हसता हसता त्यांचा हात पाटीवर फिरतच होता.

"ओ वकीलसायेब!" सुंदराबाई एकदम ओरडली. "माल हाय तो! फडकं समजून राहिले का?"

पिंजरकरांनी हातातल्या पुंजक्याकडे पाहिलं. तो काळा झाला होता. जन्मभर कापसाचे दावे चालवलेला माणूस शाळकरी पोरासारखा ओशाळला. "चुकून झालं," ते म्हणाले.

"चुकून झालं नं? मंग दंड नाई," सुंदराबाई म्हणाली आणि टोपली वर धरली. "जिथचा हाय तिथं ठेवा."

वकील नाल्यात उतरले. पुंजका त्यांनी झटकला, फुंकून धूळ उडवली, आणि तो तिच्या टोपलीत ठेवला.